चारचा भोंगा आणि माझे हातमोजे

कॉलनीतल्या बाया मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे भडका. हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. एका वर्षी क्रीडादिनाला संगीत खुर्चीत माझ्या खुर्चीवर दुसरीच जाऊन बसली, तेव्हा मी ती खुर्ची तिच्यासकट उचलायला गेले होते. खुर्ची प्लास्टिकची होती, पण ती बाई चांगली भरलेली होती. माझी कंबर आठ दिवस धरली आणि माझा नवरा आठ दिवस भिंतीकडे तोंड करून हसला.

त्याच क्रीडादिनाला आमचा फुटबॉल सुरू झाला. चिखल्याच्या मँगनीज खाणीत जन्म काढून निवृत्त झालेले एक काकाजी आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर राहतात. खाणीत ते मेट होते, म्हणजे जमिनीखाली काम करणाऱ्या एका टोळीचे मुखिया. आपली माणसं सकाळी जेवढी खाली न्यायची तेवढीच दुपारी धडधाकट वर आणायची, हे त्यांचं काम. त्या दिवशी लिंबू-चमच्याची शर्यत पाहून ते कंटाळून म्हणाले, "किती दिवस बायांच्या तोंडात चमचे देता? यायले बॉल द्या."

सगळे हसले. काकाजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते बॉल घेऊन मैदानात हजर होते, आणि पंधरा दिवसांत आम्ही अकरा जणी आणि वर तीन जणी जमलो. कोणी साडी खोचून, कोणी मुलीची ट्रॅकपँट घालून. मैदानात मँगनीजची काळी धूळ, त्यामुळे अर्ध्या तासात सगळ्या सारख्याच दिसायच्या. मला त्यांनी गोलकीपर केलं. एवढ्या रागाची बाई समोर उभी दिसली तर पुढे यायची हिंमत कोण करणार, असा त्यांचा हिशेब असावा. त्यांनी मला हातमोजे दिले. संघात ती एकच जोडी होती, निळी, तळव्याला रबराचे दाणे असलेली. मी ते रोज धुवायचे आणि खोलीतल्या खिळ्याला टांगायचे. लग्नाला वीस वर्षं झाली, घरातली प्रत्येक वस्तू घराची होती. हे मोजे तेवढे माझे होते.

पहिली मॅच लाखनीच्या बायांशी ठरली. लाखनी माझं माहेर. तिथे हमरस्त्यावर माझ्या धाकट्या बहिणीचं चहा-भज्यांचं हॉटेल आहे, आणि लाखनीच्या संघाची कॅप्टन हीच. दिवसभर तिच्या दारासमोरून ट्रक जातात. कानाशी हॉर्न वाजला तरी तिच्या हातातलं भजं कढईत वाकडं पडत नाही. लहानपणापासून अशीच आहे. मी चिडायचे, ती चिडवायची, आणि मार मला बसायचा.

मॅच दुपारी तीनला होती, कारण त्या वेळेपर्यंत आमचं स्वयंपाक-धुणं आटोपलेलं असतं. तीस-तीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये दहा मिनिटं. आम्ही एका गोलनं पुढे होतो. शेवटची दहा मिनिटं उरली होती. मी गोलमध्ये उभी राहून मनात भाषण तयार करत होते, आणि चार वाजले.

चार वाजता खाणीचा भोंगा होतो. पहिली पाळी सुटते, माणसं वर येतात, हात-पाय धुऊन सव्वाचारला घरात. वीस वर्षं मी तो भोंगा ऐकते आणि वीस वर्षं भोंग्याबरोबर माझा हात गॅसच्या बटणावर जातो. चहा मांडायचा. हातात कपडे असोत, पोर असो, शेजारणीशी रंगलेलं भांडण असो, भोंगा झाला की चहा. कॉलनीतल्या एकूण एक घरात हेच. हा नियम आम्हाला कोणी घालून दिला नव्हता, तो आमच्या अंगात बसला होता.

तर भोंगा झाला आणि आम्ही अकराच्या अकरा जणींनी क्वार्टरांच्या दिशेनं माना वळवल्या. ज्या धावत होत्या त्या थांबल्या. बॉल एकीच्या पायाजवळ होता, तिनं तो तिथेच सोडला. आणि मी काय केलं, तर डाव्या हाताचा मोजा दातानं ओढून काढला आणि घराच्या वाटेनं तीन पावलं चालले. तिसऱ्या पावलाला मागून बॉल जाळीत गेल्याचा आवाज आला.

वळून पाहिलं तर माझी बहीण कमरेवर हात ठेवून उभी.

"मांडली का चाय, बाई?" ती म्हणाली. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. "दिवाळीत तुया घरी आठ दिवस राहिली होती मी. भोंगा वाजला का तू कशी उठते, सगळं पाहून ठेवलं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरचं खाऊन घरातच हेरगिरी! रेफ्रीनं खेळ पुन्हा सुरू केला तेव्हा मी गोलमध्ये असायला हवं होतं. मी कुठे होते? मैदानाच्या मध्यावर, एका हातात मोजा घेऊन, बहिणीच्या मागे धावत, दिवाळीला तिला दिलेल्या साडीपासून लहानपणी तिनं फोडलेल्या माझ्या पाटीपर्यंत सगळं काढत. ती धावता धावता हसत होती. मी मागे पाहिलं तेव्हा त्यांच्या दुसऱ्या खेळाडूनं रिकाम्या गोलमध्ये बॉल अगदी सावकाश, वाटी सरकवावी तसा, सरकवला होता. रेफ्रीलासुद्धा शिटी वाजवता येईना, इतका तो हसत होता.

कॉलनीत महिनाभर तेच चाललं. भाजी घ्यायला गेलं की कोणीतरी विचारायचं, "ताई, चार वाजले का जी?" माझा राग हा इतके दिवस माझ्यापुरता होता. आता तो दहा जणींना घेऊन बुडाला होता. मला रात्री आठवलं की पांघरूण तोंडावर ओढून घ्यावंसं वाटायचं. खरं सांगते, मला शरम वाटत होती.

काकाजी रागावले नाहीत. ते फक्त म्हणाले, "परतीची मॅच तुलेच देतो, बेटा. पण शेवटच्या दहा मिनिटांत डोकं फिरलं तर मोजे उतरवून ठेवाचे. मग ते नर्सबाईचे." आमच्या दवाखान्यातली नर्स राखीव गोलकीपर होती. ती उंच होती, शांत होती आणि तिच्या मनात माझ्याबद्दल काही वाईट नव्हतं, हे सगळ्यात वाईट होतं.

परतीची मॅच लाखनीला व्हायची होती. पण तिथलं मैदान खरेदी केंद्राच्या धानाच्या पोत्यांनी भरलेलं होतं. पुन्हा आमच्याकडेच घ्यायचं ठरलं तेव्हा माझी बहीण फोनवर इतक्या आनंदानं हो म्हणाली की तिचा डोळा भोंग्यावर आहे हे मला लगेच कळलं.

"मॅच पाचला ठेवू, काकाजी," मी म्हटलं.

"काहून?"

"तोवर भोंगा होऊन जाते."

"पाचला ठेवली तर तो तुयाच डोक्यात वाजन," काकाजी म्हणाले. "उद्यापासून सराव बरोबर चारला."

आणि खरोखर, दोन महिने आम्ही चार वाजता सराव केला. पावणेचारला मैदानात जमायचं आणि भोंग्याची वाट पाहायची. काकाजींनी जमिनीखालचीच रीत आम्हाला लावली. खाली सुरुंग उडाला की लगेच कोणी पुढे जात नाही. धूर जाऊ देतात. मग मेट पुढे होतो आणि लांब सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, वरचा दगड ठोकून पाहतो. घट्ट दगड खणखणीत वाजतो, सुटलेला दगड पोकळ वाजतो. आवाज ऐकल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, मग वरून साहेब कितीही ओरडो. "तुमचंबी तसंच," काकाजी म्हणाले. "भोंगा वाजला का बॉल पायाखाली घ्याचा. ठोकाचा. डावीकडे पाहाचं, उजवीकडे पाहाचं, मंग द्याचा."

घरी मी नवऱ्याला विचारलं, ते खरंच असं करतात का. तो खाणीत बावीस वर्षं आहे. त्यानं लाटणं घेतलं आणि सगळी भिंत ठोकून दाखवली. खणखण, खणखण, आणि खिडकीजवळ एकदम धप्. "हे पाह्य," तो म्हणाला, "इथचं प्लास्टर सुटलं. इथं फोटो लावशील तर पडन." मी म्हटलं, "मले भिंत नाही, मॅच वाचवाची आहे जी." तरी मी पोळ्या करताना हळूच दोन-तीनदा ओटा ठोकून पाहिला.

पहिले आठ दिवस भयंकर गेले. भोंगा झाला की कोणाचा पाय बॉलवर पडायचा आणि कोणाचा बॉल सोडून पुढे. मी तर दोनदा मोजा दातात धरला. काकाजी नुसते नर्सबाईकडे पाहायचे. मग हळूहळू जमू लागलं. बॉल पायाखाली, एक श्वास, डावीकडे, उजवीकडे, पास. माझ्यासाठी त्यांनी वेगळं सांगितलं होतं. बॉल हातात आला की त्यावर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायचं. तेवढ्यात राग किती वर आला ते कळतं. माझा राग आधी कानात येतो, कान तापतात, मग तोंडात येतो. दोन ठोक्यांत तो कानाशीच थांबवता येतो, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

इकडे कॉलनीत सगळे नवरे सव्वाचारला घरी येऊन थंड गॅसकडे पाहत उभे राहू लागले. माझ्या नवऱ्यानं पहिल्या दिवशी विचारलं, "काहून वो, चाय?" मी म्हटलं, "डब्यात पत्ती आहे, साखर बाजूले आहे, दूध कोठी राहते ते तुमाले माहीत आहे." त्यानं पहिला चहा केला तो इतका गोड होता की मुंग्यांना आमंत्रण द्यायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी साखर विसरला. पंधराव्या दिवशी त्यानं आलं ठेचलं. आज त्याचा चहा माझ्याहून बरा होतो, हे मी इथे लिहिते आहे, त्याला सांगितलेलं नाही.

मॅच पुन्हा तीनलाच होती. त्या दिवशी ऊन सौम्य होतं आणि मैदानाच्या कडेला अर्धं गाव. लाखनीची गाडी आली. बहीण उतरली ती थेट माझ्याकडे, हातात भज्यांचा डबा. "खाऊन घे बाई, नंतर तोंड कडू होईन तुयं." मी भजी खाल्ली. गरम नव्हती, पण चांगली होती. चांगली होती म्हणून अजूनच कान तापले.

आम्ही एक गोल केला, त्यांनी एक फेडला. तो मला अडवता आला नाही, बॉल खांबाला लागून आत वळला. नर्सबाई कडेला उठून उभी राहिली आणि परत बसली. दुसऱ्या डावाची वीस मिनिटं होत आली तसं मला दिसलं की लाखनीच्या बाया एकेक करून आमच्या बाजूला सरकताहेत. त्यांच्या मागच्या जणीसुद्धा पुढे आल्या. माझी बहीण माझ्यापासून दहा पावलांवर. त्यांच्यापैकी एकीनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मी मनात म्हटलं, या भोंग्याची वाट पाहताहेत.

त्यांना कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला, सूर्याच्या बाजूनं. मी डोळे बारीक करून उडी मारली आणि तो माझ्या दोन्ही हातांत बसला. माझे पाय जमिनीला टेकले आणि भोंगा सुरू झाला.

तो भोंगा मी जन्मभर विसरणार नाही. तो नेहमीएवढाच वाजला असेल, पण मला तो फार लांब वाटला. बहीण माझ्यासमोर येऊन उभी राहिली, अगदी तोंडाशी. "बाई, चाय मांड ना," ती म्हणाली, लहानपणी बोलायची त्याच आवाजात. "भाऊजी येऊन राहिले. ते पाह्य."

माझे कान तापले. हात बॉलवर आवळले गेले. हा बॉल सगळा जोर लावून मारावा, तिच्या डोक्यावरून पार मँगनीजच्या ढिगात जाऊन पडेल असा, एवढंच मला हवं होतं. पूर्वीची मी असते तर तेच केलं असतं आणि बॉल सरळ त्यांच्याच पायात गेला असता.

मी बॉलवर पेरांनी ठोकलं. एक. दोन.

आणि मला हसू आलं. खरोखर आलं. माझ्यासमोर माझी बहीण उभी होती, घामानं काळी झालेली, नाकाच्या शेंड्यावर भज्याचं पीठ चिकटावं तशी धूळ, आणि तिला माझ्या रागाची केवढी आशा लागलेली होती. मी उजवीकडे पाहिलं. तिथे माझी शेजारीण दोन्ही हात वर करून ओरडत होती, तिलाच द्या म्हणून, पण तिच्या मागे लाखनीच्या दोघी दबा धरून होत्या. डावीकडे आमची सर्वांत कमी बोलणारी खेळाडू उभी होती. तिनं हात वर केला नव्हता. तिच्या आजूबाजूला मात्र कोणी नव्हतं. मी बॉल मारला नाही. खाली वाकून तिच्या पायाकडे घरंगळत सोडला.

तिनं तो पायाखाली घेतला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. भोंगा अजून वाजत होता आणि आमच्या एकीचीही मान क्वार्टरांकडे वळली नव्हती. मग ती निघाली. लाखनीच्या सगळ्या बाया आमच्या दारात गोळा झालेल्या, पुढे मैदान मोकळं पडलेलं. एकच बाई आडवी आली, तेव्हा तिनं बॉल मधल्या खेळाडूला दिला आणि त्या मधलीनं तो गोलमध्ये घातला. भोंगा थांबला तो नेमका तेव्हाच, त्यामुळे आमचं ओरडणं पार खाणीच्या दरवाज्यापर्यंत गेलं असणार.

पण दहा मिनिटं बाकी होती. गेल्या वेळी मी याच दहा मिनिटांत बुडवलं होतं. आता बहीण चिडली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती चिडलेली आणि मी नाही. मला तो अनुभव फार आवडला. तिनं दोनदा लांबून मारलं, दोन्ही बाहेर. शेवटच्या मिनिटात तिला बॉल मिळाला आणि ती एकटी सुटली, सरळ माझ्याकडे. सगळे ओरडले, "बाहेर ये! पुढे हो!" शेजारीण ओरडली, कडेची माणसं ओरडली. माझ्या पायांनाही जायचं होतं. पण ती डावीकडे झुकलेली होती, आमची एक जण तिच्या पाठोपाठ धावत होती, आणि मी पुढे गेले असते तर उजवा कोपरा उघडा पडला असता. वरून साहेब कितीही ओरडो. मी गेले नाही. उभ्या जागी उभी राहिले. तिनं वाट पाहिली, मी हलेना, तिनं आणखी एक पाऊल वाट पाहिली, आणि मागची जवळ आली म्हणून घाईत मारलं. बॉल सरळ माझ्या पोटात. मी त्याला मिठी मारून खाली बसले आणि रेफ्रीनं लांब शिटी दिली.

बहीण माझ्याशेजारी धुळीत येऊन बसली. दोघींना धाप लागली होती.

"तू ओरडली काहून नाही?" ती म्हणाली. "मी वैनगंगेवरचा कारध्याचा पूल पार केल्यापासून त्याचीच तयारी करून राहिली होती."

"भजी चांगली होती," मी म्हटलं. मग ती हसायला लागली, मीही हसले, आणि आमचं हसू पाहून बाकीच्या धावत येऊन आमच्या अंगावर पडल्या. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. तेव्हा मी सासरी निघाले म्हणून रडत होते.

तेवढ्यात पहिल्या पाळीची माणसं मैदानात आली. डोक्यावर हेल्मेट तशीच, चेहरे काळे, आणि माझा नवरा पुढे, हातात चहाची मोठी कॅन. खाणीच्या कँटीनमध्ये शिरून त्यानं स्वतः केला होता. तो सगळ्यांना कप वाटू लागला, आधी लाखनीच्या बायांना.

काकाजी गर्दीतून माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, मोजे मागताहेत. डोकं फिरलं नव्हतं, मी ओरडले नव्हते, पण हसले होते. ऐन वेळी, बॉल हातात असताना हसले होते. कदाचित तेही चालत नसेल. नर्सबाई त्यांच्या मागेच उभी होती. मी मान खाली घातली आणि डाव्या हाताचा मोजा बोटाबोटानं सैल करायला लागले.

"ते काहून काढून राहिली?" काकाजी म्हणाले. त्यांच्या दुसऱ्या हातात चहाचा कप होता. पुढे केलेल्या हातानं त्यांनी माझा हात धरला, मोजा परत नीट मनगटापर्यंत ओढला आणि कप माझ्या तळव्यावर ठेवला. "राहू दे बेटा. कप गरम हाय."

मी हातमोजे घालूनच तो चहा प्यायले. साखर जरा जास्त झाली होती. मी कप पुन्हा पुढे केला.